निरीक्षकांच्या घरचं मीटर

उन्हाळ्यातलं पहिलं विजेचं बिल आलं. निरीक्षकांनी ते आधी शांतपणे वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं, आणि मग दुसऱ्या कुणाचं चुकून आपल्या पेटीत पडलं असेल म्हणून वरचं नाव वाचलं. नाव त्यांचंच होतं. युनिटं मात्र गेल्या उन्हाळ्याच्या दुप्पट होती.

दुप्पट म्हणजे दुप्पटच. 'जवळजवळ', 'अंदाजे', 'साधारण' असले शब्द निरीक्षकांच्या तोंडी कधी आले नाहीत. वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस तो. ते बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ होतात, आणि मालाच्या पारड्याच्या बुडाला चिकटवलेली मेणाची गोळी त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसते, असं दुकानदार म्हणायचे. निदान दुकानदार असं म्हणतात, असं निरीक्षक म्हणायचे. अशा माणसाच्या घरात एखादी गोष्ट दुप्पट खर्च व्हावी आणि ती कुठे गेली ते त्याला सांगता येऊ नये, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

घरात नवं असं एकच होतं. आतल्या खोलीतला एसी. निरीक्षकांचे वडील, आप्पा, गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मुलाकडे होते. चौथा मजला, लिफ्ट नाही, डोक्यावर थेट गच्ची. तिथे ते दुपारी चक्कर येऊन पडले आणि तीन दिवस सलाइनवर राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, यांना थंड खोली हवी. म्हणून निरीक्षकांनी त्यांना आपल्याकडे आणलं आणि थंडी संपायच्या आत एसी बसवून घेतला.

बिल बघून बायकोनं आतल्या खोलीकडे पाहिलं. कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं पाहिलं. निरीक्षकांनी पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं. 

"किती आलं रे बिल?" आतून आप्पांनी विचारलं.

"नेहमीसारखंच."

सव्वीस वर्षांत निरीक्षकांनी दिलेलं हे पहिलं खोटं माप. आप्पांना कमी ऐकू येतं अशी घरातल्यांची समजूत होती. ती समजूत आप्पांनीच मोठ्या कष्टानं जोपासली होती, कारण तिचे फायदे फार.

समोरच्या दारात डबीवाले राहत. एके काळी औषधं विकत, आता निवृत्त. विकायची खोड मात्र निवृत्त झाली नव्हती. थंडीत त्यांनी कुठूनशी एक पांढरी डबी आणली होती. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली की तिच्यावर हिरवा दिवा लागतो आणि बिल निम्मं होतं, असं डबीच्या खोक्यावर छापलं होतं. नवल असं, की तसं झालंही होतं. डबीवाल्यांचं बिल खरोखरच उतरलं होतं आणि उतरतच होतं. ती बिलं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगत आणि जिन्यात भेटेल त्याला दाखवत. इमारतीत त्यांनी सात डब्या खपवल्या होत्या.

"साहेब, विज्ञान आहे हे," ते निरीक्षकांना म्हणाले. "वीज तारेतून येते ना, तेव्हा ती खवळलेली असते. डबी तिला शांत करते."

"शांत करते म्हणजे नक्की काय करते?"

"शांत करते," डबीवाले म्हणाले. "आमच्याकडे बघा. दोन्ही खोल्यांतले एसी सकाळपासून चालू. पुढचं दारही उघडंच ठेवतो हल्ली. तेवढाच शेजाऱ्यांना गारवा. तुम्ही या की इथे उभे राहायला, परके आहात का?"

निरीक्षकांना संताप आला. तरीही खिशात किल्ली शोधायला त्यांना त्या दारासमोर नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, हे नमूद केलं पाहिजे.

डबीचा मार्ग त्यांनी नाकारला आणि मोजमापाचा धरला. शंभर पानी वही आणली. एसीची जाळी काढून धुतली आणि तिच्यातून निघालेल्या धुळीचं वजन करून ते वहीत लिहिलं. एसी सत्तावीसवर आणला आणि रिमोट स्वतःच्या खिशात ठेवला. उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांना दुहेरी पडदे लावले, त्यामुळे भर दुपारी घरात माणसं एकमेकांवर आदळू लागली. पाणी तापवायचं यंत्र बंद. उन्हाळ्यात गरम पाणी कशाला, हे ठीकच होतं. टीव्ही बंद असतानाही त्याच्यावर जो लाल ठिपका जळतो, तो वर्षाला किती वीज खातो हे त्यांनी जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. लेक ताट घेऊन उठून गेली.

फ्रिजचं प्रकरण सगळ्यांत लांबलं. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढायची, सहज निघाली तर रबर सैल, अशी एक परीक्षा असते. ती निरीक्षकांनी चारही बाजूंनी घेतली. रबर उत्तम निघालं. म्हणजे दोष उघडणाऱ्यांचा. त्यांनी फ्रिजच्या दारावर तक्ता चिकटवला, शेजारी दोऱ्यानं पेन्सिल बांधली आणि सूचना लिहिली: उघडणाऱ्यानं वेळ व कारण लिहावं. पहिल्या दिवशी बायकोनं लिहिलं, दूध. लेकीनं लिहिलं, पाणी. मग पुन्हा पाणी. मग, सहज. सगळ्यांत खाली आप्पांच्या सुरेख वळणदार अक्षरात होतं, 'गार वाटावं म्हणून.' निरीक्षकांनी त्यापुढे लाल शाईनं लिहिलं, कारण ग्राह्य नाही.

"अहो, भाजी काढायला आता वरिष्ठांची सही लागेल का?" बायकोनं विचारलं.

निरीक्षकांनी यावर थोडा वेळ खरोखर विचार केला.

इस्त्रीही आठवड्यातून एकदाच, रविवारी, सगळ्यांचे कपडे एकदम, असं ठरलं. दर वेळी नव्यानं तापवली की फार वीज जाते, हे खरंच आहे. पण आप्पांनी पन्नास वर्षं शिवणकाम केलेलं. रोज सकाळी अंघोळ झाली की ते आपला शर्ट स्वतः इस्त्री करत. कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ. मग बागेत फेरी.  बुधवारी चुरगळलेल्या शर्टात बागेत जाऊन आले. गुरुवारपासून गेलेच नाहीत. निरीक्षकांच्या वहीत याची नोंद 'बचत' या रकान्यात झाली.

असा एक महिना काढून दुसरं बिल आलं, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं होतं.

निरीक्षक खुर्चीत बसले. उठले. टीव्हीमागे वाकून लाल ठिपका बंद आहे का ते बघायला गेले, तर तिथे हिरवा दिवा लागलेला. पांढरी डबी.

"मी घेतली," बायको म्हणाली. "तुमच्या वहीपेक्षा स्वस्त पडली. आणि ती निदान माझ्यामागे पेन्सिल घेऊन फिरत नाही."

डबीवाल्यांनी नंतर सांगितलं की डबीला नव्या घरात रुळायला वेळ लागतो.

बातमी बाजारातही पोचली. ज्या किराणा दुकानदाराच्या काट्याला निरीक्षकांनी तीनदा सील ठोकलं होतं, त्यानं त्यांना चहा मागवला, खुर्ची पुसून दिली आणि अत्यंत काळजीनं विचारलं, "साहेब, घरचं मीटर पळतंय म्हणे तुमचं? मोजायच्या आधी शून्यावर आणून बघितलंत का?" हे वाक्य निरीक्षक स्वतः प्रत्येक दुकानात म्हणायचे. त्यांनी चहा अर्धा टाकला.

आणि त्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी, आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "येत्या रविवारी धाकट्याकडे जाईन म्हणतो. बरेच दिवस झाले."

 निरीक्षकांना त्या चौथ्या मजल्यावरची तापलेली खोली आठवली, सलाइनची नळी आठवली. 'नेहमीसारखंच' हे खोटं आप्पांनी तेव्हाच ओळखलेलं होतं. म्हातारा बिलाला लाजून चालला होता. रविवारच्या आत एसीचा यात काही दोष नाही असं सिद्ध करायला हवं, नाहीतर आप्पा परत त्या भट्टीत जाणार. निरीक्षकांना भाषण करून कुणाला थांबवता येत नसे. त्यांना पुरावा लागे.

मंगळवारी सकाळी त्यांनी घरातला मेन बंद केला आणि जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेले. तिथे लोखंडी पेटीत बारा मीटर ओळीनं लावलेले. पाच नंबर त्यांचा. घरात सगळं बंद असूनही पाच नंबरचा लाल ठिपका टकाटका लुकलुकत होता. निरीक्षकांचे डोळे भरून आले. मेणाची गोळी सापडली होती.

वीज कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर एक बाई बसायच्या.

"मीटर सदोष आहे," निरीक्षक म्हणाले. "मेन बंद केला तरी चालतं."

"मेन बंद केला होता याला पुरावा?"

"मी सांगतोय ना. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे."

"मग खात्याचं पत्र आणा."

"विजेची मीटरं आमच्या खात्याकडे येत नाहीत."

"मग मध्येच खातं कशाला काढता?" बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे बघू लागल्या. शेवटी त्यांनी एक अर्ज सरकवला. त्यावर शेजाऱ्याची साक्षीदार म्हणून सही हवी होती. सही कुठे हवी ते विचारल्यावर बाई म्हणाल्या, "लिहिलंय की तिथे, वाचता येत नाही का?" हेही निरीक्षकांचंच वाक्य. काचेच्या या बाजूनं ते इतकं वाईट लागतं, हे सव्वीस वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

साक्षीदार म्हणून डबीवाल्यांनी आनंदानं सही केली. त्यांच्या दारातून बर्फासारखी हवा येत होती आणि त्यांनी अंगावर शाल घेतली होती.

"तपासून घ्या, अवश्य घ्या," ते म्हणाले. "पण मनावर घेऊ नका हं साहेब. आमचं या महिन्याचं तर आणखीच उतरलंय. मी बायकोला म्हटलं, आता स्वयंपाकघरातही एक एसी बसवून टाकू."

शुक्रवारी तपासनीस आला. कमी बोलणारा माणूस. त्यानं पाच नंबरच्या मीटरला आपलं यंत्र जोडलं, लुकलुक मोजली, पुन्हा मोजली, आणि कागदावर शिक्का मारून दिला.

"अचूक आहे," तो म्हणाला. "इतकं चांगलं मीटर हल्ली बघायला मिळत नाही."

"पण घरात सगळं बंद असताना चालतं हो."

"वीज जाते, म्हणून चालतं."

"जाते कुठे?"

"ते मीटरला माहीत नसतं. आणि मीटरच्या पुढचं माझ्या कामात येत नाही," असं म्हणून तो स्कूटरवर बसून निघून गेला. निरीक्षकांच्या हातात 'माप प्रमाणित' असा शिक्का राहिला. असे हजारो शिक्के त्यांनी लोकांना दिले होते, पण शिक्का मिळाल्यावर रडावंसं वाटलेला माणूस त्यांना कधी भेटला नव्हता.

शनिवारी सकाळी आप्पांनी कपाटावरची बॅग उतरवून घेतली. ते बघून निरीक्षक तडक खाली गेले. वरचा मेन बंद करून भागत नसेल, तर मीटरच्या बुडाशीच तोडू, म्हणजे एसी काय नि फ्रिज काय, सगळा प्रश्नच मिटला. पेटीत प्रत्येक मीटरखाली एक खटका होता. पाच नंबरचा त्यांनी खाली ओढला आणि लेकीला फोन लावला.

"पंखा बंद झाला?"

"नाही. चालू आहे."

"नीट बघ."

"बाबा, पंख्यात काय नीट बघायचं? फिरतोय."

एवढ्यात फोनमधूनही आणि जिन्यातूनही एकदमच डबीवाल्यांचा आवाज आला, "अहो, डबी गेली. दिवाच गेला हिचा. एसीपण गेले."

निरीक्षकांच्या मनात पहिला विचार आला तो हा की डबी जळली, बरं झालं. दुसरा विचार यायला अर्धं मिनिट लागलं. त्यांनी खटका वर केला. "आली, आली," वरून आवाज. खाली केला. "गेली." एकदा झालं तर योगायोग म्हणता येतो, म्हणून त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी डबीवाले अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावून जिन्यात येऊन उभे होते.

मग दोघांनी मिळून सहा नंबरचा, म्हणजे डबीवाल्यांचा, खटका ओढला. निरीक्षकांच्या घरातून बायको ओरडली.

थंडीत मीटरच्या खोलीतला जुना लाकडी फळा काढून ही लोखंडी पेटी बसवली होती. तेव्हा वायरमननं पाच आणि सहाच्या तारा उलट्या जोडल्या आणि चहा पिऊन गेला. तेव्हापासून डबीवाल्यांची वीज निरीक्षक भरत होते आणि निरीक्षकांची डबीवाले. इथपर्यंत ठीक होतं. पण निरीक्षकांनी घरात काटकसर केली की ती उतरायची डबीवाल्यांच्या बिलात. डबीवाले खूश होऊन आणखी एक एसी लावायचे. तो यायचा निरीक्षकांच्या बिलात. मग निरीक्षक आणखी काटकसर करायचे. बायकोनं पाणी प्यायला फ्रिज उघडायचं टाळलं, की समोर एसी एका अंशानं खाली जायचा. लेक अंधारात दारावर आदळून कपाळाला टेंगूळ आणायची, त्या टेंगळावर डबीवाले शाल पांघरून झोपायचे.

डबीवाल्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. गालावरचा फेस वाळत चालला होता.

"ते असू दे," ते म्हणाले. "पण डबीनं काम केलं, हे तर मानाल की नाही?"

"तुमच्या डबीनं?"

"माझ्या नाही, तुमच्या. तुमच्या घरात लावली ना वहिनींनी? तुमची वीज शांत झाली, म्हणून तर माझं बिल उतरलं."

 डबीवाले वर गेले. थोड्या वेळानं त्यांच्या घरातून एकेक एसी बंद झाल्याचा आवाज आला आणि कित्येक महिन्यांनी त्यांचं पुढचं दार लागलं. चुकलेल्या बिलांची भरपाई व्हायला सोमवारी पुन्हा तीन नंबरच्या खिडकीवर जावं लागणार होतं, दोघांनाही. निरीक्षकांना आज त्याचीही भीती वाटत नव्हती. सहा नंबरच्या मीटरवरचे आकडे त्यांनी डबीवाल्यांच्या पिशवीतल्या बिलांशी ताडून कागदावर उतरवून घेतले होते. एसी, आप्पा, सगळं धरून घरचा वापर गेल्या उन्हाळ्यापेक्षा कमी भरत होता. पुरावा हातात होता आणि रविवार अजून उजाडायचा होता. ते दोन दोन पायऱ्या चढत वर आले.

आतल्या खोलीत आप्पा पलंगावर बॅग ठेवून कपडे भरत होते.

"आप्पा, बॅग काढून ठेवा," निरीक्षकांना धाप लागली होती. "एसीचं काही नव्हतंच. मीटर उलटं जोडलेलं होतं. हे बघा आकडे. तुमच्यामुळे काहीच वाढलं नव्हतं. आता बिलासाठी जायची काही गरज नाही."

आप्पांनी कागद घेतला नाही. एका बनियनची घडी घातली, ती बॅगेत ठेवली.

"बिलाला कोण घाबरतंय?" ते म्हणाले. "मी तुला घाबरून चाललोय."

निरीक्षकांनी कागद आणखी थोडा पुढे केला.

"पाणी प्यायला उठलो, की दिवा मालवायला तू मागे उभा. फ्रिज उघडला, की कारण लिहा. लिहिलं, तर त्यावर लाल शाई. शर्टाला रोज इस्त्री करायचो, दहा मिनिटं. दिवसभरात माझं म्हणून तेवढंच काम उरलं होतं, तेही तू रविवारावर टाकलंस. धाकट्याकडे उकडतं, ठाऊक आहे मला. पण तिथे कुणी मला मोजत नाही."

आप्पांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. आपण तीन महिने ज्या माणसाला या घरात ठेवण्यासाठी धडपडतोय, त्याला आपणच एकेक युनिट करून बाहेर काढत होतो, हे निरीक्षकांना कळलं. त्यांना फार वाईट वाटलं. बोलायला त्यांच्याकडे आकड्यांशिवाय काहीच नव्हतं. त्यांनी कागद चुरगाळून खिशात टाकला. खिशात रिमोट होता. तो काढून आप्पांच्या उशीशी ठेवला.

"पुन्हा नाही करणार, आप्पा."

"तुला जमायचं नाही."

"जमेल."

"मग बस इथे," आप्पांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. "पंधरा मिनिटं. काही मोजायचं नाही. बसलास, तर धाकट्याला फोन करून सांग, येत नाही म्हणून."

निरीक्षक बसले. आप्पांनी बॅग खाली ठेवली, एसी लावला, किती अंशांवर ते निरीक्षकांनी कटाक्षानं पाहिलं नाही, आणि ते पलंगावर आडवे झाले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं म्हणून निरीक्षकांनी खुर्ची फिरवून घेतली. आता समोर खिडकी होती. खिडकीला सात गज होते, हे त्यांना काही केल्या टाळता आलं नाही, म्हणून त्यांनी डोळे मिटले. तेव्हा आप्पांचा श्वास ऐकू येऊ लागला. शांत, संथ, धाप नसलेला. तोही त्यांनी मोजायला घेतला होता, पण कुठेतरी आकडा हुकला आणि मग ते नुसतेच ऐकत राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांच्या मनात आलं, पंधरा मिनिटं झाली की नाही हे कळायला घड्याळ बघावं लागणार, आणि घड्याळ बघितलं तर ते मोजणंच झालं.

"आप्पा," ते डोळे न उघडता हळूच म्हणाले, "झाली का?"

"मला काय ठाऊक?" आप्पा म्हणाले. "बस अजून."